ऐंशी रकान्यांचा काळ

फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या टप्प्यांची आकृती, काढायची प्लास्टिकची पट्टी, संगणकाच्या आज्ञांचं घडीचं हिरवं कार्ड, प्रोग्रॅम लिहायच्या चौकटींच्या कागदांचं, म्हणजे कोडिंग शीटचं, उरलेलं एखादं पॅड. १९६० आणि ७० च्या दशकांत बँका, विमा कंपन्या आणि कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिलेल्या माणसांपैकी अनेकांनी या वस्तू अजून टाकलेल्या नाहीत. त्यांचा जीव या प्लास्टिक-कागदात का अडकला आहे, हे कळायला तेव्हाचा हिशेब पाहावा लागतो. यंत्राचा तास महाग होता, माणसाचा त्या मानाने स्वस्त. त्यामुळे प्रोग्रॅमरला यंत्राजवळ फिरकू न देता टेबलाशी बसवत, आणि ही सगळी हत्यारं त्या टेबलावरची होती.

मुळाशी होतं पंच कार्ड: जाड कागदाचं, भोकांच्या जागांवरून अक्षरं-आकडे नोंदवणारं, एका रकान्यात एक अक्षर. हर्मन हॉलरिथ या अमेरिकी संशोधकाच्या अशा कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना झाली होती. आयताकृती भोकांचं ८० रकान्यांचं कार्ड आयबीएमने १९२८ मध्ये आणलं, म्हणजे संगणकाच्या बरंच आधी. १९५९ मध्ये आयबीएम १४०१ जाहीर झाला. मध्यम आकाराच्या कंपनीला भाड्याने परवडेल असा हा संगणक दहा हजारांहून जास्त ठिकाणी बसला. त्याची मेमरी कमीत कमी १,४०० आणि जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. त्याच वर्षी कोबोल या व्यावसायिक कामांच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आखणीला सुरुवात झाली आणि तिची ओळही कार्डाच्याच मापाने बेतली गेली: पहिले सहा रकाने क्रमांकाला, सातवा खुणेला, आठ ते बहात्तर मजकुराला, उरलेले आठ प्रोग्रॅमच्या ओळखीला.

काम चाले ते असं. प्रोग्रॅमर कोडिंग शीटवर पेन्सिलीने, चौकटीत एकेक अक्षर लिहायचा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत घोळ होऊ नये म्हणून दोहोंपैकी एकावर तिरकी रेघ मारायची, पण कशावर, याचे नियम जागोजागी वेगळे! मग शीट पंचिंग विभागात जाई. तिथे बहुतेक स्त्रिया असत. एक ऑपरेटर कार्डं पंच करी, दुसरी व्हेरिफायरवर तोच मजकूर पुन्हा टाइप करून चुका पकडी. या बायकांचं काम फार कमी आठवणींत येतं. हा स्मरणरंजनाचा पक्षपात आहे, पेन्सिल हातात होती त्यांचाच.

तयार गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ ओढत; एखादं कार्ड जागा सोडून बसलं, तर रेघ तुटलेली दिसे. गठ्ठा हातातून निसटलाच, तर क्रमांकाचे रकाने कामी येत. एका चुकीच्या विरामचिन्हापायी प्रोग्रॅम परत येई आणि पुढची संधी बहुधा दुसऱ्या दिवशी. म्हणून आधी ‘डेस्क चेकिंग’: आपणच यंत्र व्हायचं आणि कागदावर एकेक ओळ चालवून बघायची.

फ्लोचार्टचं मूळ कारखान्यांत आहे. कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी ती रीत संगणकाकडे आणली. पट्टीवर चौकोन, शंकरपाळी, कार्ड, टेप असे आकार कोरलेले. खरं सांगायचं तर कित्येक फ्लोचार्ट प्रोग्रॅम चालू झाल्यावर, साहेबांच्या फायलीसाठी काढले जात. हिरव्या कार्डाचं तसं नव्हतं. १९६४ मध्ये आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या सगळ्या आज्ञा आणि अक्षरांचे संकेत त्यावर दाटीने छापलेले असत. प्रोग्रॅम कोसळला की मेमरीतला सोळांच्या पायावरचा आकड्यांचा ढीग कागदावर उतरे आणि हे कार्ड शेजारी ठेवून तो वाचावा लागे.

मुंबईत एस्सो या तेल कंपनीत १४०१ आला १९६१ मध्ये. बाहेर जुनी झालेली ही यंत्रं आयबीएम इथे डागडुजी करून भाड्याने देई. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली.

तोवर पडदे येऊ लागले होते. १९७० च्या दशकातल्या आयबीएमच्या ३२७० टर्मिनलांवरही ओळ ८० अक्षरांचीच राहिली. कोबोलच्या प्रमाणित रूपाने रकान्यांची सक्ती सोडली ती २००२ मध्ये. एव्हाना कार्डांच्या काटकसरीचं बिल येऊन गेलं होतं. जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय तिथलीच, आणि त्यामुळे २००० साल यंत्राला १९०० वाटायची भीती होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी ते जुने कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आलं, आणि ज्यांनी आयुष्यात पंच कार्ड हातात धरलं नव्हतं अशी मुंबई-पुण्याची मुलं सातव्या आणि बहात्तराव्या रकान्याचे नियम शिकली.