मादक पदार्थांची तुलनात्मक घातकता

दारू, तंबाखू, गांजा, हेरॉइन, कोकेन इत्यादी पदार्थांमुळे होणारी हानी आणि त्यांची व्यसन जडवण्याची ताकद एकमेकांशी ताडून पाहणे. सर्वांत घातक पदार्थ कोणता, याला एकच उत्तर नाही. एका मात्रेत जीव जाण्याचा धोका, वर्षानुवर्षांच्या सेवनाने होणारी शरीराची झीज, व्यसन जडण्याची शक्यता आणि इतरांना होणारा उपद्रव ही मापे वेगवेगळी आहेत. माप बदलले की क्रमही बदलतो. कायद्याने बंदी आहे की नाही, यावरून तर घातकता मुळीच ठरवता येत नाही.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड नट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २० पदार्थांना १६ निकषांवर गुण दिले. १०० पैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५ आणि क्रॅक कोकेनला (धूर करून ओढण्याजोगे, खड्यांच्या रूपातील कोकेन) ५४ गुण पडले. हे आकडे सर्रास चुकीच्या अर्थाने सांगितले जातात. केवळ सेवन करणाऱ्याचे नुकसान पाहिले, तर क्रॅक, हेरॉइन आणि मेथॲम्फेटामिन हा तीव्र उत्तेजक पदार्थ दारूच्या पुढे होते. दारू वर गेली ती वाहन अपघात, मारहाण, उद्ध्वस्त कुटुंबे यांमुळे, आणि ती पिणाऱ्यांची संख्या प्रचंड असल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात दारूमुळे सुमारे २६ लाख, तर इतर अमली पदार्थांमुळे सुमारे ६ लाख मृत्यू झाले.

व्यसन जडण्याच्या बाबतीत तंबाखू आघाडीवर आहे. अमेरिकेतील सर्वेक्षणावर आधारित १९९४ च्या एका अभ्यासात, पदार्थ कधीतरी घेतलेल्यांपैकी त्याच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण तंबाखूसाठी सुमारे ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५ आणि गांजा ९ टक्के आढळले. पदार्थ मेंदूपर्यंत जितक्या झटपट पोहोचतो तितकी तलफ घट्ट बसते. धुरातले निकोटिन काही सेकंदांतच तिथे पोहोचते.

व्यसन तोडतानाचा त्रास ही मात्र अगदी निराळी गोष्ट आहे आणि ती न कळल्याने माणसे दगावतात. दारू मेंदूची उत्तेजना दाबून ठेवते. रोजच्या भरपूर पिण्याला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, घरची माणसे ओळखू येत नाहीत. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. म्हणून खूप पिणाऱ्याने मनाच्या निश्चयावर एका रात्रीत दारू सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेत ती सोडावी. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांपैकी डायझेपाम वर्गातील गोळ्यांचेही असेच आहे. याउलट हेरॉइन सोडताना होणारी अंगदुखी, जुलाब, तळमळ असह्य असली, तरी शरीरातले पाणी टिकवले तर ती सहसा जिवावर बेतत नाही.

हेरॉइनचा खरा धोका अतिमात्रेत आहे. श्वास मंदावत थांबतो. सोबत दारू घेतलेली असेल तर तो आणखी लवकर थांबतो. काही काळ सोडून पुन्हा जुन्याच मात्रेने सुरुवात करणारे विशेषतः दगावतात, कारण शरीराची सोसण्याची क्षमता तोवर उतरलेली असते. हेरॉइनवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे; त्याचा परिणाम अल्पकाळ टिकत असल्याने रुग्णालयात न्यावेच लागते. दारूच्या अतिमात्रेवर असा उतारा उपलब्ध नाही.