देवराज्य (कॅथलिक धर्मविचारातील)

देवराज्य : येशू ख्रिस्ताच्या उपदेशाचा गाभा. माणसांवर आणि सृष्टीवर देवाची सत्ता चालणे, हा त्याचा मुख्य अर्थ. एखादा भूप्रदेश किंवा केवळ मरणोत्तर स्वर्ग त्यात अभिप्रेत नाही. कॅथलिक शिकवणुकीनुसार हे राज्य येशूच्या रूपाने जगात आलेले आहे, मात्र ते पूर्णत्वास जाईल ते त्याच्या पुनरागमनाच्या वेळी.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांत, राज्य आले आहे आणि ते अजून यायचे आहे अशा दोन्ही अर्थांची वचने आहेत. आपण देवाच्या सामर्थ्याने भुते काढत असू, तर देवाचे राज्य तुमच्यापर्यंत आलेच आहे, असे येशू विरोधकांना सांगतो (लूक ११:२०). तोच शिष्यांना ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना शिकवतो. मार्कच्या शुभवर्तमानातला शेतकरी (४:२६–२९) बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसे रुजते ते त्याला उमगत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झाले की तो लगेच विळा घालतो.

या वचनांचा मेळ कसा घालावा, यावर आधुनिक काळात बराच वाद झाला. योहानेस व्हाइस (१८९२) आणि अल्बर्ट श्वाइट्झर (१९०६) यांच्या मते येशूला जगाचा अंत जवळ आल्याची खात्री होती व त्याचे राज्य भविष्यातलेच होते. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये नेमके उलट प्रतिपादन केले : येशूच्या कार्यात ते राज्य अवतरलेच. योआखिम येरेमियास यांनी ‘साकार होत असलेले राज्य’ ही मधली वाट सुचवली आणि पुढे डॉड यांनीही आपले मत सौम्य केले. हे सारे प्रॉटेस्टंट अभ्यासक. कॅथलिक बाजूने रुडॉल्फ श्नाकेनबुर्ग यांनी १९५९ मध्ये वर्तमान व भविष्य यांपैकी एकही टोक न सोडता केलेली मांडणी मूळ वचनांना अधिक न्याय देणारी वाटते.

ख्रिस्तसभा (चर्च) म्हणजेच देवराज्य काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. संत ऑगस्टीन यांनी आताची ख्रिस्तसभाही ख्रिस्ताचे राज्य आहे असे म्हटले. पण तिच्यात गव्हाबरोबर निदणही (तणही) वाढते, हे ते विसरत नाहीत. येशूने राज्याची घोषणा केली आणि आली ती ख्रिस्तसभा, हे फ्रेंच कॅथलिक अभ्यासक आल्फ्रेद ल्वाझी यांचे १९०२ मधील वाक्य पुष्कळदा उपरोध म्हणून उद्धृत होते. वास्तविक ते जर्मन प्रॉटेस्टंट धर्मपंडित हार्नाक यांना उत्तर देताना, ख्रिस्तसभेच्या समर्थनार्थ लिहिलेले आहे. ल्वाझी यांना १९०८ मध्ये बहिष्कृत करण्यात आले. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेला या राज्याचे पृथ्वीवरील ‘बीज व प्रारंभ’ म्हटले. पुढच्याच वर्षी तिने ऐहिक प्रगती आणि देवराज्याची वाढ यांत भेद करायला सांगितले, तरी न्याय्य समाजरचनेला देवराज्याच्या दृष्टीने मोठे मोल आहे, असेही नमूद केले.

अंतापूर्वी ख्रिस्त पृथ्वीवर दृश्यरूपाने राज्य करील, या मताची सौम्य आवृत्तीही निर्धोकपणे शिकवता येणार नाही, असा निर्णय रोमने १९४४ मध्ये दिला. इतिहासाच्या आतच राज्य पूर्ण होईल, ही कल्पना १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद ६७६) नाकारतो.

उपासनेत ही दुहेरी जाणीव सतत असते. मिस्सा या मुख्य उपासनाविधीमध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच धर्मगुरू ख्रिस्ताच्या आगमनाची आशेने वाट पाहण्याचा उल्लेख करतात. ख्रिस्तराजाचा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. १९६९ च्या सुधारणेनंतर तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी येतो आणि त्यानंतर आगमनकाळ, म्हणजे नाताळपूर्व तयारीचा काळ, सुरू होतो.

भारतात पुण्याचे जेझुइट बायबल-अभ्यासक जॉर्ज सोअरिस-प्रभू यांनी देवराज्याकडे नव्या, समतेच्या समाजाचे स्वप्न म्हणून पाहिले. आशियातील अशा राज्यकेंद्री विचारांची चर्चा वाढत असताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या परिपत्रकात त्यांचे काही पैलू मान्य केले, पण देवराज्य ख्रिस्तापासून किंवा ख्रिस्तसभेपासून वेगळे काढता येत नाही, असे स्पष्ट केले.