उन्हाने गेलेल्यांची मोजदाद

वैशाखात भर दुपारी नागपूर-चंद्रपूरचे रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं. ऊन लागून माणूस दगावतो, हे विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही. सरकारी कागदावर मात्र ते मरण क्वचितच उमटायचं.

अंग थंड ठेवण्यासाठी हृदय जास्तीचं रक्त कातडीकडे पाठवतं. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर तेच पहिल्यांदा कोलमडतं आणि दाखल्यावर कारण लागतं हृदयविकाराचं. १९९८मध्ये ओडिशात दोन हजारांवर उष्माघाताचे बळी नोंदले गेले. पण इतकी ठळक नोंद अपवादानेच व्हायची.

हिशेबाची रीत बदलली ती अहमदाबादमुळे. मे २०१०मध्ये तिथला पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे अभ्यासकांनी ‘उष्माघात’ हा शब्द शोधत न बसता त्या महिन्यातले सगळेच मृत्यू मोजले. आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. त्या मे महिन्यात ४,४६२ माणसं गेली. म्हणजे १,३४४ जास्त! शहरातल्या एका रुग्णालयात तर प्रसूती कक्ष वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर उन्हामुळे दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बाळांची संख्या बरीच घटली. उपाय इतका साधा होता.

२०१३मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा आणला. त्यात रंगांनुसार इशारे, दवाखान्यांची पूर्वतयारी, पाणपोया असं सगळं होतं. दक्षिण आशियातला हा पहिलाच आराखडा. नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो गिरवला. (केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत मात्र थंडीची लाट असताना उष्णतेची लाट वर्षानुवर्षं नव्हती. चंद्रपूरकराला हे सांगून पाहा.)

तरी नुसत्या पाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, किनाऱ्यावर ३७पासून. कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लाखो लोक भर उन्हात बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. चौदा जण गेले.