बॉक्सचा प्ले का एंडचा प्ले? जुन्या पिकअपचं स्टेरिंग ढिलं झाल्यावर आधी कुठं बघायचं

जुन्या पिकअपचं स्टेरिंग ढिलं झालंय असं मोंढ्यात नुसतं तोंडातून काढा, चहाच्या टपरीपासून हमालापर्यंत सगळे एकच सांगतेत, "बॉक्स टाईट करून घे." बॉक्स म्हणजे स्टेरिंगचं फिरणं दात्यांनी खालच्या दांड्यांना देणारी डबी. काम पाच मिनिटाचं, एक पान्हा अन् एक स्क्रूड्रायव्हर, पैसे बी किरकोळ, अन् केल्यावर दोन-चार दिवस लय बरं वाटतंय, तिथंच तर माणूस फसतो. मी बी फसलो. 2009 ची गाडी, मोसंबीच्या सीझनला जालन्याच्या मोंढ्यात रोजची फेरी, एका गॅरेजवाल्यानं स्क्रू आवळून दिला अन् म्हणला जा आता. गेलो. पहिल्याच चौकात वळून झाल्यावर स्टेरिंग आपलं आपण सरळ यावं ते येईना, हातानं ओढून आणावं लागायलं, अन् खड्ड्यातली खटखट जशीच्या तशी. ढिला बॉक्स नव्हताच, ड्रॅग लिंकचा (बॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचा) एंड, म्हणजे टोकाचा बॉल-कपाचा सांधा, गेलता.

तर दोन्ही गोष्टी हाताला सारख्याच लागत्यात म्हणून घोळ होतो. स्टेरिंग जरा फिरवलं अन् चाक हललं नाही, मधी जे रिकामं गेलं तो प्ले. तो कुठून आला ते स्टेरिंगला बसून नक्की कळत नाही, कारण स्टेरिंगपासून चाकापर्यंत मधी लय सांधे आहेत. वरून कॉलमचा शाफ्ट (स्टेरिंगखालचा दांडा) अन् त्याचा क्रॉस (वाकणारा सांधा), मग बॉक्स, बॉक्समधून खाली लटकणारा ड्रॉप आर्म, मग ड्रॅग लिंक, टाय रॉड (पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा), त्यांचे एंड, काही गाड्यांत आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूनं दांड्याला आधार देणारा). प्रत्येकानं केसभर खाल्लं तरी वर बसलेल्याला बोटभर वाटतंय. (नव्या बऱ्याच गाड्यांत बॉक्सच नाही, रॅक म्हणजे दात्यांची सरळ पट्टी असती, त्यांचं हे नाही, हे बॉक्सवाल्या जुन्या गाड्यांचं चाललंय.)

तरी अंदाज लावायचा असला तर असा लावा. बॉक्स झिजलेला असला तर प्ले मधोमध जास्त असतो, म्हणजे स्टेरिंग सरळ असताना, कारण गाडी आयुष्यभर सरळच जास्त चालती अन् आतले दाते तिथंच खाल्ले जातेत. वळवून कडेला नेलं की प्ले त्यामानानं कमी वाटतो. आवाज सहसा नसतो. चांगल्या गुळगुळीत हायवेवर सुद्धा सारखं थोडं डावीकडं थोडं उजवीकडं करत बसावं लागतंय, नाव वल्हवल्यासारखं. एंड गेलेले असले तर वागणं वेगळं. खड्ड्यात, गतिरोधकावर, पांदीतल्या वाळलेल्या चाकोरीत खट् असा आवाज येतो अन् पायाखाली बी जाणवतो, खड्डा गेल्यावर गाडी अचानक एका अंगाला तोंड काढती, ब्रेक मारला की थोडी सरकती, अन् पुढच्या टायरची एक कड खाल्ली जाती. टायरवर हात आत-बाहेर फिरवून बघा, एका दिशेनं गुळगुळीत अन् दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते) बिघडलाय, त्याच्या मागं पुष्कळदा एंडच असतोय.

पण अंदाजावर पान्हा लावायचा नाही. खरी परीक्षा खाली झोपूनच होती, दोन माणसं लागतेत अन् खर्च शून्य. गाडी सपाट जागेवर, वजन चारी चाकांवर, जॅकवर घ्यायची नाही कारण अधांतरी चाक सोबत फिरतंय अन् प्ले लपतो. न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड. पॉवर स्टेरिंग असलं तर इंजिन चालू ठेवावं लागतंय, मग खालच्या माणसानं बाही-उपरणं सांभाळायचं, चाकाच्या वाटेत झोपायचं नाही. वॉशिंगचा रॅम्प मिळाला तर लयच बरं. आता वरच्यानं स्टेरिंग नुसतं वीतभर डावीकडं-उजवीकडं हलवत राहायचं, जास्त नाही. आमचा पुतण्या वर बसलेला, तो विचारायला, "काका, हलवू का अजून?" म्हणलं हलव बाबा, मी सांगेपर्यंत थांबू नको.

खालून नजर वरपासून सुरू करायची. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरायलाय पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर प्ले बॉक्समध्ये. स्टेरिंग फिरतंय पण बॉक्सचा शाफ्टच उशिरा फिरतोय, तर वरचा क्रॉस. ड्रॉप आर्म लगेच हलतोय पण त्याला जोडलेली लिंक क्षणभर थांबून मग हलती, तर तो सांधा गेला. असं एकेक सांधा करत चाकापर्यंत जायचं. डोळ्याला दिसलं नाही तर सांध्यावर तळहात ठेवा, गेलेला एंड हाताला टक् टक् लागतो, चांगला सांधा मुका असतो. एक लक्षात ठेवा, टाय रॉड स्वतःभोवती थोडा गोल फिरतो ते बरोबर आहे, त्याला बघून घाबरू नका, खराबी म्हणजे बॉलचा दांडा एकीकडं अन् कप दुसरीकडं असं सरकणं. अन् हो, बॉक्स ज्या बोल्टांनी चेसीला बसलाय ते बी बघा. बॉक्सच चेसीवर हलत असला, नाहीतर तिथं चेसीला चीर असली, तर आतला स्क्रू कितीबी आवळा.

माझ्या गाडीत ड्रॉप आर्म टुणकन हलायचा अन् ड्रॅग लिंकचा एंड सावकाश मागून यायचा. रबर बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी काळ्या मातीची पेस्ट. आपल्याकडच्या मातीचं हेच आहे, पावसाळ्यात चिखल होऊन आत शिरती अन् दिवाळीनंतर वाळून पॉलिश पेपरचं काम करती. वर आपण वॉशिंग सेंटरला जाऊन प्रेशरनं पाणी मारतो, राहिलेलं ग्रीस बी बाहेर. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असला तर धुतल्यावर दोन पंप मारायला काय जातंय.

आता त्या स्क्रूचं. बॉक्सच्या वरच्या झाकणावर जो स्क्रू अन् त्याला पक्का धरणारा चेक नट असतो, त्यातला स्क्रू रॉकर शाफ्टचे (ज्याला खाली ड्रॉप आर्म बसतो त्याचे) दाते आतल्या नटच्या दात्यांजवळ ढकलतो. बनवतानाच ते मधोमध सगळ्यात घट्ट अन् कडेला थोडे सैल ठेवलेले असतेत. मधला भाग झिजला अन् तुम्ही मधला प्ले पार शून्य होईस्तोवर आवळलं, की कडेला जी सैल जागा होती ती संपती अन् स्टेरिंग वळणात अडकायला लागतंय. माझं चौकात तेच झालतं. म्हणून स्क्रूला हात लावायचाच असला तर आधी सगळे सांधे बघून, चाकं सरळ ठेवून (या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजायचे, त्याच्या निम्म्यावर मध), पाव फेऱ्यापेक्षा कमी कमी फिरवत, अन् दरवेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठं जड लागलं की मागं या. तेवढ्यानं भागत नसलं तर बॉक्स खोलायची वेळ आली.

माझ्या मते दोघांत जास्त भ्यायचं ते एंडला. बॉक्स हळूहळू झिजतो, महिनोन् महिने सांगत राहतो. एंड बी सांगतो, पण एक दिवस बॉल कपातून निसटला की स्टेरिंग हातात अन् चाकं आपल्या मर्जीनं, मग मागं मोसंबी असू दे नाहीतर माणसं. अन् स्वस्त कोण, तर एंडच. म्हणून सांगतो, बॉक्स आवळून एंडचा प्ले झाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

कायद्यात बी हे दोन्ही आहे बरं का. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 नंबरचा नियम म्हणतो की स्टेरिंगचा प्ले 30 अंशापेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटला रबर कॅप पाहिजे, अन् बोल्ट-पिना लॉक केलेल्या पाहिजेत. 30 अंश म्हणजे घड्याळात बारा ते एक, स्टेरिंगच्या कडेवर जवळपास अर्धी वीत. इतका प्ले म्हणजे लयच झाला, मी तर दोन बोटांच्या वर गेला की खाली झोपतो.

जाता जाता, भटकणारी प्रत्येक गाडी ढिली नसती. पुढं हवा कमी, अलाइनमेंट बिघडलेलं, नाहीतर कॅरेट सगळे मागच्या एक्सलच्या मागं रचलेले अन् तोंड उचललेलं, यात स्टेरिंग हलकं लागतंय, त्याला प्ले म्हणायचं नाही. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं अन् हललं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, अखंड एक्सलवाल्या गाडीत किंगपिन (ज्या पिनेवर चाक वळतं ती). कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावा, हलणं थांबलं तर बेअरिंग.

एंड बदलताना जुना किती आटे आत होता ते मोजून नवा तेवढाच बसवला, स्प्लिट पिन नवी टाकली, नंतर अलाइनमेंट केलंच कारण आटे मोजून टो पुरता बरोबर येत नाही. मग गॅरेजवाल्यानं आवळलेला स्क्रू थोडा मागं घेतला. आता मधी बोटभर प्ले आहे, तो तसाच ठेवलाय, स्टेरिंगवर खडूची खूण करून. गाडी आठ वर्षांच्या वर गेल्यामुळं पासिंग दरवर्षी असतंय, पुढच्या महिन्यात आहे, त्याच्या आधी पुतण्याला परत वर बसवायचंय.