रोशा गवत आणि खानदेशातल्या तेलाच्या भट्ट्या

खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर १८८० साली निघालं. जिल्हा तेव्हा एकसंध होता. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली ती १९०६ मध्ये. त्या गॅझेटियरात पिंपळनेर भागातल्या रोशा तेलाच्या धंद्याचं इतकं बारकाईनं वर्णन आहे की ते वाचून आजही कोणी भट्टी उभी करू शकेल.

रोशा हे बहुवर्षायू गवत. डोंगरउतारावर, उघड्या मुरमाड जमिनीत आपोआप येतं आणि पावसाळा संपता संपता पुरुषभर उंचीचं होऊन तुऱ्यावर येतं. पान चुरगळलं की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात ते भरपूर असे. भाद्रपदाच्या सुमारास भिल्ल ते कापून आणत आणि तेल काढणारे, बहुतेक मुसलमान, ते विकत घेऊन गंज्या रचत.

भट्टी लागायची ओढ्याच्या काठी, कारण पाणी आणि सरपण दोन्ही तिथेच. जमिनीत खड्डा खणून चूल करायची, तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा. त्यात थोडं पाणी, वर काठोकाठ कापलेलं गवत. झाकण बसवून कडा गव्हाच्या कणकेनं लिंपायच्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला फडकं गुंडाळून वरून उडदाच्या पिठाचा लेप आणि दोरीचे वेढे. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात. वाफ थंड होऊन तेल त्यात उतरे. वाफ कुठून निसटते आणि ती कशी अडवायची, हे घरातल्या पिठानं सोडवणारी ही माणसं मला प्रयोगशाळेतल्या कुणाहून कमी वाटत नाहीत.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांवर लादलं जाई. एक वाट कोंडाईबारीच्या घाटानं सुरतेला, दुसरी धुळे-मनमाडहून मुंबईला. मुंबईतून तांबड्या समुद्रातली बंदरं, तिथून अरबस्तानमार्गे कॉन्स्टँटिनोपल. पुढचा भाग जरा गमतीचा आहे. तुर्की साम्राज्यात, विशेषतः बल्गेरियातल्या गुलाबाच्या पट्ट्यात, हे तेल महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायला वापरत. दोन्हींत जिरॅनिऑल हा सुगंधी घटक असल्यामुळे भेसळ सहजी ओळखू येत नसे. युरोपच्या बाजारात तर ते कित्येक वर्षं तुर्की जिरॅनियमचं तेल म्हणूनच विकलं गेलं. पुढे साबणवाल्यांकडून मागणी आली. संधिवातावर चोळायला आपल्याकडे ते वापरत होतेच.

गॅझेटियरातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धंद्याचं मूळ ठाणं पिंपळनेर, पण तिथलं गवत विरळ झालं तसा तो नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकला. म्हणजे गवत संपलं की भट्टी पुढे न्यायची. गवत मुद्दाम लावावं हे कुणाला सुचलं नाही, किंवा लावण्याइतकी मोबदल्याची खात्री कापणाऱ्याला नव्हती. मला दुसरं कारण जास्त पटतं. डोंगर सरकारचा, तेल दुसऱ्याचं आणि भिल्लाच्या वाट्याला फक्त भाऱ्याचे पैसे. विसाव्या शतकात टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागलं आणि रानातल्या गवताच्या तेलाला मोठा स्पर्धक उभा राहिला.

हे गवत एकाच प्रकारचं की दोन, हा वाद मात्र सुटला. खानदेशातले तेलवाले कोवळ्या, निळसर-पांढऱ्या तुऱ्याच्या गवताला मोतिया म्हणत आणि तेच पिकून लाल झालं की सोफिया. मोतियाचं तेल उंची, सोफियाचं हलकं. १९०९ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी हे एकाच जातीचे दोन वेगळे प्रकार असल्याचं मांडलं. पुढे गुणसूत्रांची संख्याही वेगळी निघाली, सोफियात मोतियाच्या दुप्पट. मोतियाच्या तेलात साधारण ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असतं. म्हणून लावायचा तो मोतियाच. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेनं तृष्णा, पीआरसी-१ असे वाण त्यातूनच दिले.

लागवड अवघड नाही. बी फार बारीक, म्हणून वाळूत मिसळून मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकतात. हेक्टरला अडीच किलोच्या आसपास पुरतं. महिना-सव्वा महिन्याची रोपं ६० सेंटिमीटरच्या ओळींत लावायची. हलकी, निचऱ्याची जमीन चालते. साक्री-नंदुरबारकडचे मुरमाड माळ त्याला मानवतात, तापीकाठच्या पाणी साचणाऱ्या चिबड काळ्या जमिनीत मात्र मुळं कुजतात. सुरुवातीचे दोन महिने तण काढावं लागतं, मग गवतच तणाला दाबतं. पूर्ण फुलोरा आल्यावर आठ-दहा दिवसांत कापणी. तेल तुऱ्यात आणि पानांत असतं, दांड्यात नावाला. जमिनीपासून वीतभर वर कापलं की खोडवा फुटतो. पहिल्या वर्षी दोन-तीन कापण्या, पाण्याची सोय असेल तर पुढे एखादी जास्त. चौथ्या वर्षानंतर उतारा घटतो.

शंभर किलो हिरव्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. एवढा भारा दूरच्या भट्टीवर नेणं परवडत नाही आणि एकट्यानं एकरभर लावून स्वतःची भट्टी घालणंही नाही. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून लावलं, भट्टी मधोमध ठेवली आणि सरपण म्हणून तेल काढलेलं गवतच वाळवून जाळलं, तरच हिशेब बसतो.