‘साइट बंद आहे’ असे कळवण्यापूर्वी : सर्व्हरच्या तीन आकडी उत्तराविषयी थोडेसे

सप्रेम नमस्कार.

ज्या संस्थांची, दुकानांची आणि शाळांची संकेतस्थळे आम्ही सांभाळतो, त्यांच्याकडून येणाऱ्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्याच्या असतात : ‘साइट बंद आहे, लवकर बघा.’ त्या वाक्यामागची घाई आम्हाला समजते. परंतु साइट नेमकी कोठे अडली आहे हे त्यातून समजत नाही, आणि ते शोधण्यात जाणारा वेळ पुष्कळदा प्रत्यक्ष दुरुस्तीच्या वेळेपेक्षा जास्त असतो. वास्तविक पाहता अडचण कोणत्या बाजूची आहे हे त्याच क्षणी आपल्या पडद्यावर, बारीक अक्षरांत का होईना, बहुधा लिहिलेले असते. ते तीन आकडे कसे वाचावेत आणि आमच्यापर्यंत कसे पोहोचवावेत, एवढ्यासाठीच हे पत्रक आहे.

ब्राउझर जेव्हा एखादे पान मागतो, तेव्हा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक, आपल्या उत्तराच्या आरंभीच एक तीन आकडी क्रमांक पाठवतो. पान व्यवस्थित मिळाले तर तो २०० असतो आणि तो कोणाला दिसत नाही, दिसण्याची गरजही नसते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी; १९९१ सालच्या त्याच्या अगदी पहिल्या आवृत्तीत ही सोय नव्हती; १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात हे क्रमांक आहेत आणि त्यांची आजची व्याख्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात आहे. ग्राहकाने एवढे खोलात जाण्याचे कारण नाही, पहिला आकडा ओळखता आला तरी पुरे. २ म्हणजे काम झाले, ३ म्हणजे ही वस्तू दुसऱ्या पत्त्यावर पाहा, ४ म्हणजे आलेल्या मागणीतच काही दोष आहे, आणि ५ म्हणजे मागणी ठीक दिसते पण सर्व्हरला ती पुरी करता आली नाही. १ ने सुरू होणारे क्रमांक यंत्रे आपापसांत वापरतात. ते आपल्या वाट्याला येणार नाहीत.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर सापडले नाही; तो दिसणे म्हणजे साइट बंद असणे नव्हे. उलट सर्व्हर चालू असल्याचा तो पुरावा आहे. पोस्टमन दारापर्यंत आला, दार उघडले गेले, आणि ‘या नावाचे येथे कोणी राहत नाही’ असे आतून सांगण्यात आले, तर घर पडले आहे असे कोणी म्हणत नाही. तरीही ४०४ दिसताच ‘सर्व्हर डाउन आहे’ असा निरोप येतो, आणि मग आमचा माणूस चालू असलेला सर्व्हर तपासत बसतो.

मागे एका पतसंस्थेतून सकाळी असाच निरोप आला होता. सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट होता, पण तो वरून आणि खालून कापलेला असल्याने त्यात ना पत्ता होता ना क्रमांक. आम्ही मुखपृष्ठ उघडून पाहिले, ते उघडले. ठेवींची पाने उघडली, तीही उघडली. डेटाबेस, डिस्कवरची जागा, सर्व काही ठीक होते. दुपारी फोनवर पुन्हा बोलणे झाले तेव्हा कळले की, सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरत असलेली व्याजदरांच्या पीडीएफची लिंक तेवढी उघडत नव्हती. आदल्या संध्याकाळी नवीन दर चढवताना जुनी फाइल काढून नवी ठेवण्यात आली होती आणि तिच्या नावातले पहिले इंग्रजी अक्षर लहानाचे मोठे झाले होते. विंडोजच्या संगणकावर या फरकाने सहसा काही बिघडत नाही. आमचे सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतात आणि तेथे ही दोन वेगवेगळी नावे ठरतात. दुरुस्तीला दोन मिनिटे लागली, शोधायला अर्धा दिवस. ‘अमुक लिंकवर ४०४ येतो’ एवढे सकाळीच कळले असते, तर सभासदांचे फोन घेण्याची वेळ कोणावर आली नसती.

फाइलला देवनागरी नाव देण्याविषयीही येथेच सांगून ठेवतो. तसे नाव चालते, पण लिंकमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह टक्क्याच्या खुणेसह नऊ इंग्रजी चिन्हांत मांडले जाते, त्यामुळे ‘दर’ एवढ्याचीच अठरा चिन्हे होतात. काना, मात्रा, वेलांटी यांचीही वेगळी मोजदाद होते. अशी लांबलचक लिंक संदेशातून नकलताना मध्येच तुटली की पुन्हा ४०४. फाइलचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे; पानावर दिसणारा मजकूर अर्थातच शुद्ध मराठीत असू द्यावा.

४०१ म्हणजे प्रवेशासाठी ओळख पटवणे बाकी आहे, आणि ४०३ म्हणजे सर्व्हरने मागणी समजून घेऊनही ती नाकारली आहे. ४२९ हा थोड्या वेळात फार मागण्या आल्याचा इशारा आहे. पासवर्ड आठवत नसताना एकामागून एक अंदाज करून पाहणे, किंवा पान अडले म्हणून रिफ्रेशचे बटण दाबत राहणे, यांमुळे आमची सुरक्षा यंत्रणा त्या मागण्या जेथून येतात तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची त्या जोडणीची ओळख, काही काळ अडवते. एका कार्यालयातले सर्व संगणक बाहेरून बहुधा एकाच आयपी पत्त्याचे दिसतात, त्यामुळे एकाच्या घाईने सगळ्यांना थांबावे लागते. ‘कार्यालयातून उघडत नाही, पण मोबाइलच्या डेटावर उघडते’ अशी तक्रार आली की आम्ही पहिली शंका हीच घेतो. ही यंत्रणा सैल करावी अशी विनंती अधूनमधून होते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण पासवर्डचे अंदाज करणारे रात्रंदिवस फिरत असतात आणि ते आपले कर्मचारी नसतात.

५ ने सुरू होणारे क्रमांक मात्र आमच्या अंगणातले आहेत आणि त्यांची जबाबदारी टाळण्याचा आमचा हेतू नाही. ५०० म्हणजे पान तयार करताना प्रोग्राम मध्येच कोलमडला. ५०२ आणि ५०४ म्हणजे मागणी स्वीकारणाऱ्या पुढच्या सर्व्हरला, ती ज्याच्याकडे सोपवली त्या मागच्या सर्व्हरकडून अनुक्रमे धड उत्तर मिळाले नाही किंवा वेळेत मिळाले नाही. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती उपलब्ध नाही, आणि नियोजित देखभालीच्या वेळी तो आम्हीच लावतो, कारण त्यामुळे शोधयंत्रांनाही ही स्थिती तात्पुरती असल्याचे कळते. पण ५०० च्या बाबतीत एक विनंती आहे : त्याआधी आपल्याकडून कोणी प्लगइन (साइटला जोडलेला पूरक प्रोग्राम) अद्ययावत केले होते का, थीम (साइटची मांडणी) बदलली होती का, हे संकोच न करता सांगावे. कोणाला दोष देण्यासाठी आम्ही विचारत नाही. शेवटचा बदल कळला की दुरुस्तीची सुरुवात तेथूनच होते.

कधी कधी मात्र क्रमांकच येत नाही. डोमेनचे, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाचे, नूतनीकरण राहून गेले असेल तर ब्राउझरला सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही. साइटशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर मागणी पोहोचण्यापूर्वीच ब्राउझर धोक्याची सूचना दाखवून थांबतो. दोन्ही वेळी उत्तर सर्व्हरने दिलेलेच नसते, म्हणून क्रमांकही नसतो. अशा वेळी ‘क्रमांक नाही’ हीच माहिती मोलाची आहे. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांच्या दोन्ही मुदतींवर आम्ही लक्ष ठेवतो. ज्यांनी डोमेन स्वतःच्या किंवा पूर्वीच्या विक्रेत्याच्या खात्यावर ठेवले आहे, त्यांना आम्ही आठवण करून देऊ शकतो, नूतनीकरण करू शकत नाही.

सापडत नसलेली सगळी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे का वळवत नाही, हेही आम्हाला अनेकदा विचारले जाते. तसे केल्यास ४०४ दिसणार नाही हे खरे, पण व्याजदर शोधणारा सभासद काही न कळता मुखपृष्ठावर येऊन पडेल आणि चुकीची लिंक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पान खरोखरच नव्या पत्त्यावर गेले असेल तर आम्ही ३०१ लावतो, तात्पुरते हलवले असेल तर ३०२. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवू शकतो, आणि नंतर आपला विचार बदलला तरी काही जणांना जुनीच वाट दिसत राहते. म्हणून तो लावण्यापूर्वी आम्ही आपल्याकडून लेखी होकार मागतो. काही ग्राहकांना ही आमची दिरंगाई वाटते.

तेव्हा तक्रार करताना पूर्ण लिंक नकलून पाठवावी, कारण मोबाइलच्या पत्तापट्टीत बहुधा डोमेनचे नाव तेवढेच दिसते. पडद्यावरचा क्रमांक लिहावा, आणि वेळ मिनिटासह कळवावी. क्रोमसारख्या ब्राउझरच्या स्वतःच्या त्रुटीपानावर हा क्रमांक खालच्या बाजूला फिकट अक्षरांत असतो आणि स्क्रीनशॉट कापताना नेमका तोच निसटतो, म्हणून चित्र न कापता पाठवावे. आमच्या सर्व्हरच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. साडेपाच तासांचा हिशेब आम्ही करू, आपण आपल्या घड्याळातली वेळ द्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे या नोंदी आम्ही १८० दिवस ठेवतो, त्यामुळे गेल्या आठवड्यातली अडचण आज सांगितली तरी ती शोधता येते. लिंक, क्रमांक आणि वेळ या तीन गोष्टी असलेला निरोप करारातील ग्राहकाकडून आल्यास कामाच्या दिवशी तपासणी लगेच हाती घेतली जाते आणि तिचे वेगळे शुल्क नसते. करार नसलेल्यांसाठी तपासणीचे शुल्क तासावर आहे, आणि तास मोजायला सुरुवात आम्ही लिंक मिळाल्यानंतरच करतो.