पाचारण : भुकेच्या आठवणीतून उभे राहिलेले केडगाव

1896-97 च्या हिवाळ्यात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात निघाल्या, तेव्हा त्यांच्या हाताशी पैसा नव्हता. पुण्याच्या शारदा सदनात, म्हणजे विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शाळा-वसतिगृहात, पन्नासेक मुली होत्या. त्यांचा खर्च अमेरिकेतल्या मंडळाच्या वर्गणीवर चालत होता आणि त्या मंडळाने दिलेला दहा वर्षांचा शब्द संपत आला होता. मुंबईत प्लेग पसरला होता, पुण्यात शिरत होता. अशा वेळी हिशेबी माणूस आहे ते राखून बसला असता. रमाबाईंनी रेल्वेचे तिकीट काढले आणि दुष्काळी छावण्यांतल्या निराधार मुली आणायला त्या गेल्या. तेव्हा त्या 38 वर्षांच्या होत्या.

मराठी ख्रिस्ती लोकांत अशा निघण्याला एक नेमका शब्द आहे, पाचारण. देवाने नाव घेऊन बोलावणे. यशया संदेष्ट्याचे 'हा मी आहे, मला पाठव' हे वचन दीक्षाविधीत किंवा मिशनच्या सभेत हमखास कानावर पडते. पण असे बोलावणे वरून वीज पडावी तसे येते, असा जो एक समज आहे तो रमाबाईंच्या बाबतीत खरा धरता येत नाही. त्यांना आलेली हाक वीस वर्षे जुनी होती. ती त्यांच्या स्वतःच्या पोटातून आली होती.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला, पण हट्ट सोडला नाही. पुढे हातची संपत्ती गेली आणि कुटुंब तीर्थांच्या वाटेला लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक जे दक्षिणा-शिधा देतील त्यावर राहायचे. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला चालता-चालता संस्कृत शिकवले. कोवळ्या वयात भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

आणि मग 1870 च्या दशकातला मद्रास इलाख्याचा दुष्काळ आला. याबद्दल रमाबाईंनी पुढे जे लिहून ठेवले त्यात एक तक्रार वारंवार डोकावते. घरात एवढी विद्या, पण पोट भरण्याजोगे कुणालाच काही येत नव्हते. मजुरी करणे घराण्याच्या अभिमानाला सोसत नव्हते, भीक मागणे तर त्याहून नाही. होते-नव्हते ते देवाला संतुष्ट करण्यासाठी ब्राह्मणांना दान देण्यात गेले. शेवटी दागिने, वस्त्रे, तांब्या-पितळेची भांडीही विकून झाली. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो, कसलेही काम करतो, पण तुम्ही हे करू नका.

वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. सगळे काही महिन्यांच्या आत. आईचे वर्णन वाचवत नाही. शेवटच्या दिवसांत तिला भाकरीची वासना झाली. रमाबाई शेजारणीच्या दारात गेल्या, तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला, पण इतक्या उपवासानंतर आईला तो खाता आला नाही. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसे पुरेनात. स्मशान लांब होते. रमाबाई स्वतः खांदेकरी झाल्या, पण उंचीने ठेंगण्या, म्हणून तिरडीची बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. 1870 च्या दशकात एका शास्त्र्याच्या मुलीने आईच्या प्रेताला खांदा दिला. पुढच्या सगळ्या वादळांआधी रूढी मोडण्याचा हा प्रसंग घडला होता, आणि तो कुठल्या सुधारणेच्या तत्त्वाखातर नव्हता, दुसरे कुणी नव्हते म्हणून होता.

नंतर बहीण-भाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. खायला पाण्यात भिजवलेले मूठभर धान्य आणि मीठ. 1878 मध्ये कलकत्त्यात पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांतून नाव गाजले. 1880 मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात ओलांडून, नोंदणी पद्धतीने लग्न केले. 1882 च्या फेब्रुवारीत तो कॉलऱ्याने गेला. मांडीवर मनोरमा नावाची लहान मुलगी होती.

यानंतरचा भाग महाराष्ट्रात बऱ्यापैकी माहीत असलेला आहे, म्हणून भरभर सांगतो. 1882 मध्ये पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष. 1883 मध्ये इंग्लंड, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेजला बाप्तिस्मा. पुण्यात संतापाची लाट उठली. त्या गदारोळात जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. इकडे नवा धर्म घेतला म्हणून रमाबाई मान खाली घालून राहिल्या असेही झाले नाही. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवावे की नाही हे बिशप ठरवू लागले, तेव्हा त्यांनी पत्रांतून त्यांच्याशी कडाकडा वाद घातला. देवाची आज्ञा आणि बिशपांची आज्ञा यांतला फरक त्यांना चांगला कळत होता. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढल्या वर्षी बॉस्टनमध्ये मदत-मंडळ उभे राहिले, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. 1890 मध्ये सदन पुण्याला आले. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेला बसू दिले जाते या आरोपावरून 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

तेव्हा दुष्काळ आला तो हा असा. मित्र दुरावलेले, पैशाचा झरा आटत आलेला.

रमाबाईंनी नंतर लिहिले की दुष्काळाच्या बातम्या वाचताना त्यांना स्वतःचे तरुणपण आठवत राहिले. मनात चालढकलही होती. आपण एकटी बाई, कुठे पुरी पडणार? त्या गेल्या आणि त्यांनी छावण्या पाहिल्या. सरकारकडे तोवर दुष्काळ संहिता होती. 1876-78 च्या संहारानंतर नेमलेल्या आयोगातून ती आली होती. कामावर येईल त्याला खडी फोडायचे किंवा रस्त्याचे काम आणि बेताची मजुरी, काम न झेपणाऱ्यांसाठी दीनगृहे. कागदावर व्यवस्था होती. पण एकट्या पडलेल्या तरुण मुलींसाठी त्या गर्दीत राखण नव्हती, आणि त्यांना फसवून नेणारे स्त्री-पुरुष छावण्यांभोवती घिरट्या घालत होते. हे रमाबाईंनी पाहिले आणि लिहिले. उपाशी पोरीला कुणी भाकरी दाखवली की ती त्याच्यामागे जाते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुमारे 300 मुली त्यांनी आणल्या. उवा, खरूज, आव. अन्न बघितले की हपापल्यासारखे खायचे आणि मग आजारी पडायचे. काहींना अन्न लपवून ठेवायची सवय. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसे एकत्र ठेवायला मनाई होती. रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावला आधीच शंभरेक एकर जमीन घेतली होती. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढाच त्या वेळचा बेत. त्या माळावर आता तंबू आणि गवताच्या झोपड्या उठल्या. केडगावची मुक्ती ही संस्था अशी, पुण्यातल्या मनाईतून आणि फळबागेच्या जमिनीवर जन्मली.

त्याच वर्षी रमाबाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी त्यांच्या भक्तचरित्रांत थोडी मागे पडते. पुण्यात रँडची प्लेग कमिटी घरोघर घुसत होती. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय आबाळ होते, यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये इंग्रजीत पत्र लिहिले. ते प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचले आणि गव्हर्नरांनी त्यांनाच खोटे ठरवायचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली, असे म्हणणाऱ्यांना हे पत्र जरा अडचणीचे होते.

आणि त्याच पुण्यात, 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोचल्या होत्या. 1877 च्या दुष्काळात धनकवडीच्या छावणीत पोरांना जेवू घालण्यातही त्या होत्या. सावित्रीबाईंच्या बोलण्यात निर्मिक, म्हणजे सत्यशोधकांचा निर्माता देव होता, रमाबाईंच्या बोलण्यात येशू. हाकेला नाव काय द्यावे याबद्दल या दोघींचे जमले असते असे मला वाटत नाही. पण दोघींनीही आधी एक दुष्काळ अनुभवला होता.

24 सप्टेंबर 1898 ला केडगावच्या संस्थेचे 'मुक्ती' या नावाने समर्पण झाले. शब्द मोठा हुशारीने निवडलेला आहे. पुराणिकाच्या लेकीच्या कानात तो मोक्षाच्या अंगाने लहानपणापासून होता, आता त्यात तारण आले. दोन वर्षांनी गुजरातेत, जिथे त्या दुष्काळाला आजही 'छप्पनियो' म्हणतात, पुन्हा हाहाकार झाला. या वेळी मुक्तीतल्याच, आधीच्या दुष्काळातून आलेल्या मोठ्या मुली मदतीला होत्या. 1900 पर्यंत केडगावात दीड हजारांवर माणसे आणि शंभरावर गुरे झाली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी वेगळे घर, जिथे मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. विहिरी खणल्या. विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरे, शेती, शिवण, छापखाना. यातले प्रत्येक काम मुलीच करत. प्रत्येक मुलीच्या हाताला एक तरी कसब यावे हा आग्रह रमाबाईंनी कधी सोडला नाही. तिरुपतीच्या रानात विद्वान माणसांना पाला खावा लागला होता, त्याचे हे उत्तर होते.

आता अवघड भाग. या सगळ्यात धर्मांतर होते, आणि ते बाजूला ठेवून रमाबाईंची गोष्ट सांगणे हा लबाडपणा होईल. त्यांनी स्वतः लपवले नाही. त्यांनीच सांगितले आहे की दुष्काळाआधी लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला आपल्या पंधरा मुली घेऊन त्या गेल्या होत्या, आणि तिथे त्यांनी प्रार्थना केली की या आध्यात्मिक लेकींच्या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग, 225. एवढ्यांना ठेवायला जागा नव्हती, पैसे नव्हते, हे कसे व्हावे याची शंकाही त्यांना आली. मग दुष्काळ पडला आणि मुली आल्या, तेव्हा त्यांनी त्यात प्रार्थनेचे उत्तर पाहिले. मला हा गुणाकार खटकतो. हजारो घरे ओस पडली तेव्हा भरलेल्या एका आकड्याकडे देवाची कृपा म्हणून पाहणे जड जाते. मुक्तीत वाढलेल्या लहान मुलीला दुसरा धर्म निवडायची मोकळीक किती होती, हेही विचारायलाच हवे. पण त्यांच्या काळात टीका करणाऱ्यांपैकी किती जण छावण्यांत उतरून त्या पोरींच्या केसांतल्या उवा काढायला तयार होते, हा रमाबाईंचा उलट प्रश्नही तेवढाच उभा राहतो. त्या वर्षांत हिंगण्याला धोंडो केशव कर्व्यांचे काम उभे राहत होते, आणि त्यांना पत्नीच्या रूपाने शारदा सदनाची शिदोरी मिळाली होती. जुन्या समाजाला उत्तर द्यायचे तर ते असे द्यावे लागत होते.

1905 मध्ये मुक्तीत मोठा धार्मिक उन्मेष झाला. प्रार्थनेत मुली रडत, ओरडत, आणि त्याच्या बातम्या जगभरच्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या इतिहासात गेल्या. शेवटची पंधरा-सोळा वर्षे मात्र रमाबाईंनी एका एकाकी कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर. आधीची भाषांतरे त्यांना संस्कृताने जड झालेली वाटत, खेड्यातल्या बाईला ती कळत नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. जिला शास्त्रार्थात कलकत्त्याचे पंडित अडवू शकले नाहीत, तिने म्हातारपणी संस्कृत शब्द एकेक करून वगळायला घेतले. 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंचे काम त्यानंतरही चालू राहिले. 5 एप्रिल 1922 ला त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. छापण्याचे काम पुढे मुक्तीच्याच छापखान्यात चालले, आणि खिळे जुळवायला बसणाऱ्या बायका तिथल्याच होत्या.